फोटोपुरते कोन

झाशीजवळच्या टहरौलीच्या रस्त्यावर, पुढे अरुंद पूल आहे असं सांगणारी एक पाटी आहे. ती रस्त्यापासून चांगली दूर, बाभळीखाली. बाभूळ वाढली की पाटी दिसेनाशी होते. कोयत्याने चार फांद्या छाटल्या की काम संपलं, डांबरावर पाऊलसुद्धा टाकावं लागत नाही. पण आमच्या रस्ते खात्यात एवढ्यासाठीही अर्धा रस्ता बंद करायचा. आधी नारिंगी कोन मांडायचे, दोन्ही टोकांना झेंडीवाले उभे करायचे, मग फोटो, मग काम, मग पुन्हा कोन गोळा करायचे. फोटोत कोन नसले तर काम झालंच नाही असं धरतात. कोन मांडणारा धावत्या ट्रकांकडे पाठ करून भर रस्त्यात वाकलेला असतो, तो फोटोत येत नाही.

गेल्या हिवाळ्यात जगन्नाथ असाच वाकला होता. जवळच्या एरच गावचा माणूस, माझ्या टोळीतला सगळ्यात जुना. फांद्या छाटून झाल्या होत्या, तो कोन उचलत होता. ट्रकचा आरसा लागून त्याचा खांदा मोडला. दवाखान्यात त्याच्या बायकोने विचारलं, कौन सा काम चल रहा था? काम तर आधीच संपलं होतं. काय कपाळ सांगणार?

खड्डा बुजवायचा असेल तर मी रस्ता पक्का बंद करते, मग आमदाराची गाडी येवो नाहीतर मंत्र्याची. पण विनाकारण माणूस रस्त्यात उभा करायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

जगन्नाथ परत कामावर आला आणि पहिल्याच दिवशी तीच पाटी वाट्याला आली. मी गाडी साइडपट्टीच्या खाली लावली, टपावरचा दिवा चालू ठेवला, एकाला नुसतं रहदारीवर लक्ष ठेवायला बसवलं आणि बाकीच्यांना बाभळीच्या बाजूने छाटायला सांगितलं. कोन गाडीतच राहू दिले.

तेवढ्यात आमचे वरिष्ठ, दिवाकर साहेब आले. आमच्याच मराठी मंडळातले, गणपतीत मी त्यांना काका म्हणते. झाशीत आम्हा मराठी लोकांची एक सवय आहे, चारचौघांत खासगी बोलायचं झालं की मराठीत शिरायचं. साहेब मला टोळीसमोर झापतात ते मराठीत. माझी अब्रू राहते, त्यांचीही.

"वसुंधरा, नाटकं पुरेत," ते हळूच म्हणाले. "कोन लाव, फोटो काढ. तू अजून कायम झालेली नाहीस, विसरू नकोस."

शब्द कळले नाहीत तरी सूर जगन्नाथला कळला. त्याने चांगल्या हाताने गाडीतून कोन काढला. "हम धरे आउत, बिटिया," आपणच मांडून येतो असं तो म्हणाला. माझ्या नोकरीसाठी तो पुन्हा त्या रस्त्यात जायला निघाला होता. माझं डोकंच फिरलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत बोलले. "जगन्नाथ भैया, कोन साहब को दीजिए। फोटो इन्हें चाहिए, तो ये ही रखेंगे।"

"मराठीत बोल," साहेब दातओठ खात म्हणाले.

"नहीं साहब। जान इनकी है, तो ये भी सुनेंगे।"

छाटणं थांबलं. सगळे बघत होते, त्यामुळे साहेबांना माघार घेता येईना. कोन हिसकावून ते तणतणत डांबरावर गेले. मी मोबाइल काढला. ते वाकले, मी फोटो टिपला, तेवढ्यात पाठीमागून वाळूचा ट्रक हॉर्न देत आला. साहेबांनी कोन तिथेच टाकला आणि उडी मारली ती थेट कडेला टाकलेल्या बाभळीच्या काटेरी फांद्यांत. ट्रक कोन चिरडून पुलाकडे गेला.

जगन्नाथने त्यांना हात देऊन उठवलं, शर्टातले काटे काढले. पाटी एव्हाना लांबून वाचता येत होती.

"तो फोटो काढून टाक," ते म्हणाले, अजूनही मराठीतच.

"फोटो के बिना काम नहीं माना जाता, साहब," मी म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला.

कारणे दाखवा नोटीस यायची तर येऊ दे. उत्तराला तोच फोटो लावणार आहे.