गल्लीच्या तोंडाचा थांबा

मुंग्या वाट शोधतात ती एकमेकींनी मागे सोडलेल्या वासाच्या जोरावर. जवळच्या वाटेवर ये-जा जास्त, म्हणून वासही जास्त. जिथं कुणी फिरकत नाही तिथला वास उडून जातो. तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरातल्या कचरागाड्यांसाठी मी संगणकात असल्याच आकड्यांच्या मुंग्या सोडल्या. फेरी अकरा मिनिटांनी कमी झाली, साहेबांनी पाठ थोपटली. गळालेल्या थांब्यांत आमच्याच गल्लीचा थांबा निघाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

जेवताना बाबांना सांगितलं, सोमवारपासून कचरा टाकायला दोन गल्ल्या पुढे जायचं. त्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. आई होती तोवर त्यांनी कचऱ्याला हात लावला नव्हता. ती गेल्यापासून मात्र गाडीच्या वीस मिनिटं आधीच खाली उतरायचे, पिशवीत एखादी संत्र्याची साल घेऊन. मी थट्टेनं विचारलं, त्या सालीसाठी का गाडी थांबवायची?

"थांब्यावर त्सेंग मावशी तुझ्या आईचं रोज एकेक सांगतात," बाबा म्हणाले. "तीस वर्षं ती गाडीची वाट बघत त्यांच्याशेजारी उभी राहिली. मी आपला कामावर, मासे वाढवायच्या तळ्यापाशी. तिला पोहायला शिकायचं होतं, हे मला कुठं माहीत होतं? आता अर्ध्या बायका एका थांब्यावर जातील, अर्ध्या दुसऱ्यावर."

मुंग्यांना मी अंतर दिलं होतं, कचऱ्याचं वजन दिलं होतं. माणसं तिथं उभी राहून काय करतात, ते दिलंच नव्हतं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, एका गल्लीसाठी बदललं तर उद्या सगळ्या गल्ल्या रांग लावतील. त्यांचंही खरंच होतं.

सोमवारी गाडी गाणं वाजवत न थांबता गेली. बाबांना वर आणायला मी उतरले, तर ते तिथंच, रिकाम्या हातांनी. पुढच्या थांब्यांवर कचरा टाकून त्सेंग मावशी आणि आणखी चौघी परत आल्या होत्या. कुणीतरी स्टुलं आणली होती.

"आज तू सांग," त्सेंग मावशी मला म्हणाल्या. "लेक ना तू तिची? आम्हीच किती बोलायचं?"

बाबा आशेनं माझ्याकडे बघत होते. आई इथं उभी असायची त्या संध्याकाळी मी कामावर असायचे. घरी यायचे तेव्हा ती झोपलेली, जेवण झाकलेलं. मला आई हवी होती, फार हवी होती, आणि सांगायला तेवढंच होतं.

"माझ्या वाडग्यावर आई बशी उपडी घालून ठेवायची," मी म्हणाले.

बाबांनी स्टूल पुढे ओढलं.

"कुठली बशी?" त्यांनी विचारलं.