पाळकांच्या बायकोला बिल्ला नाही

रेव्हरंड आर्चिबाल्ड गिल्किसन विधिमंडळाचे प्रार्थनापाळक झाले आणि त्यांना शिंगं फुटली. त्याआधी ओहायो नदीकाठच्या त्या ओंडक्यांच्या घरांच्या गावात ते आठवडाभर पोरांना छडीच्या धाकानं लॅटिन शिकवत आणि रविवारी त्याच पोरांच्या आईबापांना नरकाचा धाक घालत. दोन्हीकडे ऐकणाऱ्यांना उठून जायची सोय नव्हती, त्यामुळे आपण फार मोठे वक्ते आहोत असं ते धरून चालत. मग राज्य नवं झालं, गाव राजधानी झालं, आणि रोज सकाळी कामकाजाआधी आमदार टोप्या काढून त्यांच्यापुढे उभे राहू लागले. झालं! स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

ग्रिझेल त्यांची बायको. सभागृहातली प्रार्थना आधी तिला चुलीपाशी ऐकावी लागे. वसंतात तिचा रॉबिन तापानं गेला. चार वर्षांचं पोर. त्याच्या मातीवर बापानं केलेली प्रार्थना बरीच आटोपशीर होती, कारण दुपारी अधिवेशन होतं. हे ती विसरली नव्हती. पण तिचा राग नवऱ्यावर होता, देवावर नव्हता. शरदातल्या प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर मोडायच्या विधीची, ती वाट पाहत होती. वर्षातून दोनदाच ते मेज मांडलं जाई. वसंतातलं तिचं आजारी लेकराच्या उशाशी गेलं होतं. त्या मेजावर बसलं की पोर कुठंतरी जवळच आहे असं तिला वाटेल, एवढीच तिची आशा होती.

मेजावर बसायला बिल्ला लागे. शिशाचा, बोटाच्या पेराएवढा. पाळक आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पंच, माणसाची चौकशी करत, लायक वाटला तर हातावर बिल्ला ठेवत. बिल्ला नाही त्यानं मागच्या बाकावर बसून बाकीच्यांना भाकर मोडताना बघायचं.

शनिवारी सगळ्या बायकांना बिल्ले मिळाले. ग्रिझेलचा हात तसाच पुढे राहिला.

"अहो, माझा?"

"तुला या खेपेला नाही," रेव्हरंड म्हणाले. "तू प्रार्थनेची टिंगल केलीस."

टिंगल म्हणजे काय, तर गेल्या मंगळवारी ती सभागृहाच्या सज्जात बसली होती. रेव्हरंड डोळे मिटून सभापतींच्या जागरूकतेबद्दल देवाचे आभार मानत होते आणि सभापती खुर्चीत घोरत होते. तिला हसू फुटलं. कुणाला फुटलं नसतं?

"अहो, घोरले ते, आणि शिक्षा मला?"

"सभापतींचं नाव मध्ये आणू नकोस."

"माझ्या रॉबिनसाठी मागतेय हो. हसल्याबद्दल हवं तर घरी बोला, काय बोलायचं ते."

"वसंतात बघू," ते म्हणाले, आणि बिल्ल्यांच्या पिशवीची नाडी ओढली.

पिशवीत एक बिल्ला कमी होता. तो सकाळीच मायकाजा टॉलिव्हरकडे, म्हणजे त्याच सभापतींकडे पोचला होता. टॉलिव्हर शर्यतीत घोडे पळवायचा, दारू गाळायचा आणि निवडणूक तोंडावर आली की धार्मिक व्हायचा. या मंडळीची, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाची मतं हवी तर मेजावर दिसलं पाहिजे, हे त्याला कुणीतरी सांगितलं. पुढच्या अधिवेशनात प्रार्थनापाळक कोण, हे त्याच्याच हातात होतं. मंडळीच्या वडिलांपैकी सगळ्यांत थोरले सॅम्युएल मकचन यांनी चौकशीत त्याला विचारलं, "दहा आज्ञांपैकी एखादी सांगा." टॉलिव्हर म्हणाला, "सगळ्या मंजूर आहेत." मकचन खवळले. रेव्हरंड मात्र म्हणाले की उत्तर थोडक्यात असलं तरी त्यात श्रद्धा आहे!

रविवारी चर्चमध्ये पांढरं कापड अंथरलेलं लांबलचक मेज मांडलं होतं. ग्रिझेल मागच्या बाकावर, दाराच्या वाटेला लागून बसली. ओळखीच्या बाया तिच्याकडे बघत आणि लगेच नजर काढून घेत. पाळकाच्याच बायकोला बिल्ला नाही म्हणजे तिनं काय केलं असेल, हा प्रश्न पुढचे सहा महिने प्रत्येक चुलीवर शिजणार होता. लाजेनं तिचे कान तापले होते.

मकचन बिल्ले गोळा करत मेजावर बसलेल्या टॉलिव्हरपाशी आले.

"बिल्ला?"

"नाहीये," टॉलिव्हर म्हणाला. "काल पत्त्यांत लावला. हरलो."

बाकांवर कुजबुज उठली. कुणीतरी खोकल्याआड हसलं.

"मग उठा," मकचन म्हणाले.

"वडील, वडील!" रेव्हरंड मेजाच्या टोकाकडून घाईनं म्हणाले. "सभापतिसाहेबांना बसू द्या. त्यांची खात्री मी देतो."

मकचन म्हातारे होते, पण त्यांचा आवाज शाबूत होता. "पाळकसाहेब, खात्रीवरच चालायचं असेल तर मागे एक बाई बसलीय. याच वसंतात लेकरू पुरलंय तिनं. तिची खात्री देता का? मी आत्ता तिला हाताला धरून आणतो."

सगळ्यांनी माना वळवल्या. ग्रिझेलनं नवऱ्याकडे पाहिलं. काल नाही म्हणाला तर म्हणाला, आज हो म्हणेल, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. इतका अपमान गिळूनही माणूस आशा सोडत नाही.

रेव्हरंडांनी घसा साफ केला. "तो विषय वेगळा आहे," ते म्हणाले. "शिस्तीचा आहे."

टॉलिव्हरनं मागे वळून त्या बाईकडे पाहिलं, मग पाळकाकडे. त्याची खुर्ची करकरली.

"बायको बाहेर?" तो म्हणाला. "आणि मी आत? पाळकबुवा, मी घोडे विकताना खोटं बोलतो, पण घोड्याला तोंडावर फसवत नाही. असला माणूस सभागृहात आमच्यासाठी देवाकडे रदबदली करणार? नको रे बाबा. दुसरा शोधू."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि वाटेनं निघाला. ग्रिझेलच्या बाकापाशी तो थबकला, टोपी परत काढली, आणि दाराबाहेर पडला.

मेजावर भाकर तशीच झाकलेली. रेव्हरंडांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग ते मेज सोडून निघाले. मंडळी बघतच राहिली. झगा आवरत ते मधल्या वाटेनं जवळजवळ पळतच मागच्या बाकाकडे आले. ग्रिझेल अर्धवट उठली. तिनं हातसुद्धा पुढे केला.

"सभापतिसाहेब!" ते दाराकडे बघत ओरडले. "ऐकून तर घ्या!"

वाट अरुंद होती. ग्रिझेलनं हात मागे घेतला, खाली बसली आणि त्यांना जाता यावं म्हणून पाय आत ओढून घेतले.