कारल्यात लपवलेली गोळी

आणीबाणी उठली त्या साली गोदावरीच्या घरात रोज कारलं शिजत होतं. लाखनीजवळच्या त्या गावातल्या बायका हसायच्या. त्यांना काय सांगणार, कपाळ? तिच्या नवऱ्याला, तुलारामला, कारलं आवडत नव्हतंच. पण त्याच्या गोळ्या कुटल्या की कडूजहर व्हायच्या, आणि तो कडूपणा कारल्यातच लपायचा.

शेताच्या बांधीत कोणी नसताना तुलारामला माणसं बोलताना ऐकू यायची. आपल्या जेवणात काहीतरी घालतात, असं तो म्हणायचा. सासूने अंगारे-धुपारे करून पाहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं की हा स्किझोफ्रेनिया आहे, मेंदूचा आजार आहे. यात करणी नाही आणि कुणाचं पापही नाही. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

धानाच्या रोवणीपर्यंत माणूस ताळ्यावर आला. मग सासूच म्हणाली, धडधाकट माणसाला औषध कशाला? गोळ्या सुटल्या, आवाज परत आले, आणि आता तो गोळीला हात लावेना. गोदावरीचा भाऊ मारोतराव म्हणाला, भाजीत घाल. सल्ला देऊन तो सायकलवर बसून निघून गेला. निस्तरायचं हिच्या वाट्याला.

तुलाराम फक्त तिच्या हातचं खायचा. यात काही नाही ना, असं रोज विचारायचा. ती नाही म्हणायची आणि मनात स्वतःला शिव्या घालायची.

दिवाळीनंतर परसातला कारल्याचा वेल वाळला. गोळी वरणात पडली. पहिल्याच घासाला तुलारामने ताट सरकवलं.

"टाकत होती ना तू?"

खोटं बोलून बोलून तिचा जीव विटला होता. "हो," ती म्हणाली. "औषध हाये थे."

"मी सांगत होतो तवा समद्यायनं मले पागल म्हटलं." त्याने फळीवरच्या पुडीतली एक गोळी काढून तिच्यापुढे धरली. "औषध हाये न? मंग खाऊन दाखव."

दुसऱ्याची गोळी खाऊ नये, हे तिला कळत होतं. पण ती इतकी वैतागली होती की तिने ती गिळली.

धान कापायला जायचं होतं, ते राहिलंच. ओसरीतून तिला उठवेना. जीभ जड झाली, तोंड कोरडं पडलं, हातपाय आपले वाटेनात. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. तुलाराम पाण्याचा गडवा घेऊन शेजारी बसला होता.

"मले रोज आसंच होते," तो म्हणाला.

तिला रडू आलं नाही, संताप आला. सासूचा, भावाचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. गोळी त्याच्या पोटात कशी घालायची याच्या सगळ्यांनी युक्त्या काढल्या होत्या. ती घेऊन कसं वाटतं, हे एकानेही त्याला विचारलं नव्हतं.

नागपूरला जाऊ, डॉक्टरांना हे सांगू, गोळी बदलून देतात का बघू, असं ती म्हणाली. तुलारामने पाण्याचा गडवा तिच्या हातात दिला.

"येतो मी," तो म्हणाला. "पन सांगजो तूच. माह्यं कोनी खरं मानत नाही."