पेटीला तेल

"होडीला तेल पुरत न्हाय, आन् हितं पेटीचे लाड चाललेत," हेन्री पुटपुटला. मोठ्यानं नाही, पण टेरेझा त्याच्या खांद्याला लागूनच झावळ्या विणत बसली होती, तिला ऐकू जाणारच. धाकटा दीर, त्याला काय बोलायचं, म्हणून तिनं मान वर केली नाही.

दर जूनमध्ये उत्तनच्या होड्या वर ओढल्या, की त्यांना मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळायचं आणि झावळ्यांनी शाकारायचं. पण टेरेझाचा नवरा पास्कल तेलाचा पहिला हात द्यायचा तो पेटीला. १९४० साली त्यांची डेझी मॅट्रिक झाली तेव्हा होडीच्या उरलेल्या सागवानातून त्यानंच ती केली होती. लेक मुंबईला सायन्स कॉलेजात जाणार, पुढं डॉक्टरीण होणार, हॉस्टेलवर पेटी नको? लाकडाला तेल नसलं तर पावसाळ्यात ते फुगतं, एवढं त्याला ठाऊक. त्या वासानं हॉस्टेलातल्या पोरी नाक दाबतील, हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि सांगायची वेळही कुणावर आली नाही.

कारण पहिल्याच वर्षी पत्र आलं: मुलींचं हॉस्टेल लष्करानं घेतलंय, तूर्त थांबावं. डेझी थांबली. मग प्रयोगशाळा लढाईसाठी फिटर तयार करायला दिली, थांबावं. लढाई संपली, तर जागा आधी लढाईवरून परतलेल्यांना. "त्यांचं बी बरोबरच हाय, मरता मरता वाचलेत बिचारे," असं टेरेझाच म्हणाली होती. पत्रं अशी गोड असायची की रागवायलाही जागा नसे. 'नाही' असं कुणी कधी म्हटलंच नाही. सरकारला दर वेळी दुसरंच काहीतरी जास्त निकडीचं असायचं, एवढंच.

गावाला मात्र धीर नव्हता. बायका तिला आधीच डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तापलेली लेकरं तिच्या मांडीवर आणून टाकायच्या. डेझी लेकराची जीभ बघायची, कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "भाईंदरला न्या." म्हणजे बैलगाडीनं. त्यापुढचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा पास्कल गावभर सांगत सुटला होता, "आता आपलं सरकार हाय. आता बगा."

डेझी घराकडून वाळू तुडवत आली, ती उघडलेलं पत्र घेऊनच.

"काय म्हनतंय आपलं सरकार?" पास्कलनं विचारलं.

"देशाला धरनं बांधायचीत, कारखाने काढायचेत. म्हनून जास्तीच्या जागा इंजिनेरांना दिल्यात." ती थांबली. "उरलेल्या जागांना वयाची अट हाय. एकवीस."

डेझीला पंचविसावं लागलं होतं.

"आन् आठ वर्सं 'थांबा, थांबा' कोन म्हनत होतं?" पास्कल उसळला. "त्यांची पत्रंच त्यांना दाखव. सगळी जपून ठेवलीत मी, हितंच."

त्यानं पेटी उघडली. तळाला पत्रांचा गठ्ठा होता. आठ पावसाळ्यांचं तेल फळ्यांतून झिरपून कागदांत मुरलं होतं; एका पत्राची अक्षरं दुसऱ्यावर उतरली होती, सह्यांचे नुसते निळे डाग उरले होते. पास्कलनं एक कागद उजेडात धरला. त्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

टेरेझाला वाटलं, आता हेन्री हसणार. तो हसला नाही. डब्याच्या तळाशी चिंधी फिरवत म्हणाला, "दादा, थोडं तेल उरलंय. होडीचं बगू मंग. पेटीला अजून येक हात देऊ. फुडच्या वर्साला..."

"व्हय, फुडच्या वर्साला," टेरेझा घाईनं म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

डेझीनं काकाच्या हातातली चिंधी काढून घेतली आणि होडीवर टाकली.

"बा, पेटीत सुके बोंबील भरा," ती म्हणाली. "मी डॉक्टर होनार न्हाय."