टिटवीभोवतीची फक्की

"सर, धावपट्ट्या जरा सरकवू या की," मामा पुन्हा म्हणाले. उद्या शाळेच्या शर्यती, आणि मैदानाच्या ऐन मधोमध टिटवीनं चार अंडी घातली होती. ना काडी, ना पान. खडे जरा बाजूला सारले, झालं घर. खेळाचे सर वैतागले. पण या मैदानाची निगा राखण्यात मामांचा जन्म गेलेला, त्यांचा शब्द मोडवेना.

मामांचा जीव तरीही थाऱ्यावर नव्हता. अंडी मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. खुद्द त्यांनाही ती शोधावी लागत. धावत्या पोरांना काय दिसणार? एक पाय पडला की खेळ खलास. जे जपायचं त्याला रेघ मारायची, एवढंच मामांना ठाऊक. त्यांनी फक्कीचा डबा आणला आणि घरट्याभोवती पांढरंशुभ्र रिंगण आखलं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कोकलत राहिली.

मैदानाच्या कडेलाच त्यांची खोली. तिथून ते सारखे बघून येत.

"अहो, अंडी ती उबवतेय की तुम्ही?" मामी म्हणाल्या. "बाप व्हायचंय जसं काही."

मूलबाळ नसलेल्या घरात हे बोलायला नको होतं. मामी लगेच कामाकडे वळल्या.

शर्यती पार पडल्या. पोरं शहाण्यासारखी रिंगणाबाहेरून धावली, एकाचाही पाय आत पडला नाही. मामांनी हुश्श केलं आणि पाणी प्यायला खोलीत आले. मैदान रिकामं झालं तसे कावळे पोरांनी सांडलेला खाऊ वेचायला उतरले, आणि वेचता वेचता त्या पांढऱ्या रिंगणापाशी थबकले. टिटवीचा आकांत ऐकून मामा धावले, तोवर नुसती टरफलं उरली होती.

कावळ्यांचा काय नेम, असं म्हणत सरांनी समजूत घातली. मामांना ती पटली नाही. एवढ्या उघड्यावर ती अंडी कुणाला न दिसण्यावरच जगली होती, आणि दाखवून दिली ती त्यांनीच. करायला गेले एक, झालं भलतंच. त्यांना स्वतःची शरम वाटली.

संध्याकाळी ते बादली आणि ओलं गोणपाट घेऊन रिंगण पुसायला बसले. मामी मागोमाग आल्या.

"आता कशाला पुसताय? काय राहिलंय आत?"

"पुन्हा घालेल ती," मामा म्हणाले. "घातलीच, तर कुणाला दिसायला नकोत."

पांढरं जाऊन माती वर आली. टिटवी लांब उतरली, थांबत थांबत चालत आली आणि रिकाम्या खळग्यात अंग फुगवून बसली. ती उठू नये म्हणून मामा उभे राहिलेच नाहीत. बादली तिथंच सोडून गुडघ्यांवर मागे मागे सरकत गेले.