पुसलेला बाण

मित्रांनो, मला पेपरवेट म्हटलं की माझं डोकंच फिरतं! मी आहे एक जुना, अर्धा फाटलेला पोलादी तुकडा. ठाण्यात माजिवड्याच्या एका प्रयोगशाळेत, पोलाद तपासणाऱ्या नीलाताईंच्या टेबलावर बसून असतो, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

मला डोंबिवलीच्या एका वर्कशॉपमध्ये जाड पत्र्यातून तपासणीचा नमुना म्हणून कापलं. पोलाद लाटताना त्यातला मळ लांबच लांब रेघांसारखा पसरतो. या रेघांना आडवी जाणारी चीर कुरकुरत सरकते, रेघांच्या दिशेने जाणारी मात्र सुसाट पळते. म्हणून लाटणीची दिशा कळावी यासाठी पत्र्यावर पांढरा बाण रंगवतात. काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला वर्कशॉपमधला कामगार दगडू याने पूजेसाठी सगळा माल रॉकेलने लखलखीत घासला. बाणही गेला! वर झेंडूची माळ पडली, आणि दुसऱ्या दिवशी मला अंदाजपंचे कापलं.

त्याच पत्र्याची, दाबाखाली चालणारी रसायनाची टाकी व्हायची होती. दगडूची लेक मंजुळा ती टाकी बसणार त्याच कारखान्यात कामाला होती.

नीलाताईंनी मला खाच पाडून यंत्रात ओढलं. माझ्या आत बारीक पोकळ्या उघडल्या, फुगल्या, एकमेकींना भिडल्या. आई गं, काय ती कळ! तरी मी चिवट निघालो. चिवटपणाचा आकडा झकास आला.

"झालं की! पत्रा पास," नीलाताईंचे वरिष्ठ सुधीरसाहेब म्हणाले.

अहो, नाही झालं! मी आतल्या आत तडफडत होतो, पण मला वाचा कुठे?

नीलाताईंनी माझी कड घासून भिंगाखाली धरली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सर, रेघा चिरेला आडव्या आहेत. कमजोर दिशा तपासलीच नाही आपण." त्यांनी लगेच वर्कशॉपला फोन लावला. "दगडूदादा, पत्र्यावरचा बाण कुठे गेला?"

"ताई, तो पूजेला घासला ना मी..." दगडू म्हणाला. "माझी मंजू त्या टाकीच्याच कारखान्यात असते हो दिवसभर!"

मग त्याच पत्र्यातून दुसरा तुकडा कापला, या वेळी रेघांची दिशा नीट बघून, चीर रेघांच्या दिशेनेच जाईल असा. बिचारा माझा भाऊ! यंत्राने जरा ओढलं न ओढलं तोच टर्रकन फाटला. पत्रा परत गेला. टाकी दुसऱ्या पत्र्याची झाली.

आता दसऱ्याला दगडू आधी प्रत्येक पत्र्यावरचा बाण ताजा रंगवतो, मग त्या बाणालाच हळदकुंकू वाहतो. मित्रांनो, आम्हाला खुशाल घासा, पुसा, पण अंगावरची खूण तेवढी राखा. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही हो. मंजुळा अजून त्याच कारखान्यात जाते, आणि रोज संध्याकाळी घरी येते.