शेकडा तीन

पलंगाखाली गेलेली चप्पल ओढायला फिटरने हात घातला, तर हाताला गार लोखंड लागलं. त्याने वाकून पाहिलं. जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून, वर गाठ मारून, पार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं आणि गाठ सोडली. आत हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं.

या घरात वस्तू आली की तिच्या मागोमाग हप्ता येतो, हे तो पुरेपूर शिकला होता. टीव्ही तसाच आला, सोफा तसाच आला, आणि मेहुण्याच्या लग्नात मिरवायला घेतलेली मोटरसायकलही तशीच. मग एका फायनान्सवाल्याचं देणं भागवायला दुसरा गाठावा लागला, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि शेवटी वसुलीवाला घरात शिरून त्याची हत्यारांची पेटीच उचलून घेऊन गेला. ती सुटेपर्यंत बसच्या वर्कशॉपमध्ये हा पठ्ठ्या दुसऱ्यांचे पाने मागत फिरत होता. तेव्हापासून उधारीचं नाव काढायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

पण मशीन नवं नव्हतं. मुठीचा लाकडी दांडा मूळचा नव्हता. तो त्यानेच घासूनपुसून बसवून दिला होता, वरच्या मजल्यावरच्या वेल्डरच्या बायकोसाठी. वेल्डर आणि तो एकाच वर्कशॉपमध्ये होते, काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच डब्यात जेवणारे.

"वरच्या वहिनींचं मशीन आपल्या पलंगाखाली कसं?"

बायको ओट्याशी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ठेवलंय."

"दुरुस्तीला?"

"नाही. पैसे नेलेत त्यांनी."

"कुणाकडून?"

"आपल्याकडून."

फिटरला हसूच आलं. "आपल्याकडे कुठले आलेत वाटायला पैसे?"

बायकोने भाजीची देठं एका बाजूला सारली, हात पुसले, आणि वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. तो डबा त्याच्या ओळखीचा होता. त्यात पाकिटं असायची. भाड्याचं वेगळं, वाण्याचं वेगळं, विजेचं वेगळं, हप्त्याचं वेगळं. पगार झाला की आधी पाकिटं भरायची, उरलं तर खायचं, आणि एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर आठवडाभर तिचं नाव काढायचं नाही. आठवड्याने बहुतेक वेळा तिची आठवणही राहायची नाही. ही शिस्त दोघांनी मिळून लावली होती आणि फिटरला तिचा कोण अभिमान होता.

डब्यात त्याला माहीत नसलेली पाकिटं निघाली. एकावर 'वेल्डर' लिहिलं होतं, खाली दिलेल्या पैशांचा आकडा. दुसऱ्यावर 'कोपऱ्यावरची शिक्षिका'. तिसऱ्यावर 'दूधवाला'. आणखीही होती.

"शेकडा तीन," बायको म्हणाली. "महिन्याला. ते फायनान्सवाले दहा घेतात."

"तू व्याजाने पैसे देतेस?"

"त्या वहिनी पहिल्यांदा आल्या त्या शिकायला. तुम्ही कसं फेडताय, आम्हालाही दाखवा, म्हणाल्या. मी पाकिटं दाखवली. पुढच्या महिन्यात त्यांना भाड्याला कमी पडले, म्हणून मी हप्त्याच्या पाकिटातून दिले. परत देताना त्यांनीच वर थोडे ठेवले. मी नको म्हटलं नाही."

"आणि मशीन? अगं, ती बाई त्याच्यावर कमावते."

"म्हणूनच ठेवलं. टीव्ही ठेवून घेतला असता तर वर्षभर कुणी फिरकलं नसतं. जे नसलं की अडतं, तेच ठेवून घ्यायचं. तुमची पेटी नेली होती, तेव्हा आपण कसे धावलो होतो?"

ती हे भांडणाच्या सुरात बोलत नव्हती, भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. फिटर मशीनशेजारी खालीच बसला.

"आपले हप्ते माझ्या काटकसरीतून जातात, असं मला वाटत होतं," तो शेवटी म्हणाला.

"काटकसर केलीत तुम्ही. मी कुठे नाही म्हणते?"

"मी बिडी सोडली. चहा सोडला. ऊन असो की थंडी, कामावर चालत जातो."

बायको पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "अहो, तुमच्या चहा-बिडीतून नुसतं व्याजसुद्धा सुटत नव्हतं. तुम्ही इतक्या हौसेने करत होतात, म्हणून बोलले नाही."

कुणी थोबाडीत मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. दोन वर्षं तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शहाणपण शिकवत होता. अंथरूण पाहून पाय पसरा. नको त्या दुकानाच्या रस्त्यानेच जाऊ नका. उधारी म्हणजे घरात पाळलेला साप. वर्कशॉपमध्ये पोरं त्याला 'महाराज' म्हणायला लागली होती आणि ते त्याला आवडतही होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतःच्या पलंगाखाली दुसऱ्याचं मशीन.

"आजपासून हे बंद," तो उठत म्हणाला. "मी हे वर देऊन येतो."

"द्या. पण आपले हप्ते अजून संपलेले नाहीत. पुढचा कशातून भरायचा ते वर जाताना ठरवा."

त्याने मशीन चादरीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि जिना चढला. मशीन जड होतं. एवढं ओझं ती बाई एकटी खाली घेऊन आली असेल, आणि तेही तो घरी नसताना, हे त्याच्या मनातून जाईना.

वेल्डरने दार उघडलं. मागे त्याची बायको खिडकीजवळ कुणाच्या तरी झग्याची शिवण हाताने घालत बसली होती. चादरीचा आकार पाहून ती उठली. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

"वहिनींना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मशीन तुमचं आहे. घ्या."

"नको भाऊजी. पैसे फिटायचेत अजून. त्या रागावल्या तर पुढच्या अडचणीला आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

"कुणी रागावणार नाही. मला हे माहीतच नव्हतं."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. वेल्डर हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"तुला माहीत नव्हतं?"

"शपथ."

"मग रोज दुपारी माझ्यासमोर बसून काय चालायचं तुझं? बिडी सोड, चहा सोड, घेतलेलं परत करायला शीक. सगळ्यांच्या देखत. मला वाटायचं, तू तगादाच लावतोयस. म्हणून तर डबा घेऊन पलीकडच्या शेडमध्ये जायला लागलो. तुला वाटलं असेल, रुसलाय."

फिटरला खरंच तसं वाटलं होतं. वेल्डरला चार शहाणपणाच्या गोष्टी पचत नाहीत, असंही तो मागे एकदोघांना म्हणाला होता. ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन त्याने अजून छातीशीच धरलं होतं.

"तसं नव्हतं रे," तो म्हणाला. "आईशपथ तसं नव्हतं."

"असू दे. उधारी म्हणजे साप, हे तुझंच. म्हटलं, घ्यायचाच तर ओळखीचा घ्यावा."

वेल्डरची बायको आतून घडी घातलेल्या नोटा घेऊन आली. "या महिन्याचं व्याज आहे. उद्या मीच खाली येणार होते."

"नको. मला एक पैसा नको."

"तुम्हाला नको असेल. वहिनींना द्या." तिने नोटा नवऱ्याच्या हातात दिल्या आणि वेल्डरने त्या फिटरच्या खिशात कोंबल्या. मग त्याचे दोन्ही खांदे धरून, मशीनसकट, त्याला हळूच दाराबाहेर वळवलं.

"सगळं फिटलं की मी स्वतः न्यायला येईन," वेल्डर म्हणाला. "तोवर राहू दे. आमचीही इभ्रत आहे." दार लागलं.

फिटर अर्धा जिना उतरला आणि वळणावर थांबला. मशीन पायरीवर टेकवून तो त्याच्या शेजारी बसला. आपल्या सगळ्यात जवळच्या मित्राला आपण गेले कित्येक महिने चारचौघांत घास गिळू दिला नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. बसल्या बसल्या त्याचा हात खिशाकडे गेला. नोट हातात आली की मोजायची, ही सवय गेल्या दोन वर्षांत अंगात भिनली होती. त्याने घडी उलगडली आणि मोजलं. पाकिटावरचा आकडा आठवून शेकडा तीनचा हिशेब त्याने कुणी न सांगता मनात मांडला. एक नोट कमी होती.

त्याने पुन्हा मोजलं. कमीच होती.

तो उठला. मशीन तिथेच पायरीवर राहिलं. हे पैसे मी परत करायला चाललोय, असं त्याने स्वतःला बजावलं आणि जिना चढून दार वाजवलं. दार वेल्डरनेच उघडलं. त्याची नजर आधी फिटरच्या तोंडाकडे गेली आणि मग त्याच्या हातात पंख्यासारख्या पसरलेल्या नोटांकडे.

"मोजलेस ना?" वेल्डर खालच्या आवाजात म्हणाला. "एक कमी आहे, माहितीय मला. उद्या देतो."

फिटरने तोंड उघडलं. हे ठेव, मला नकोत, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"उद्या कधी?" त्याने विचारलं.